पुढच्या पानाची हाक

इंदुरी, ४ ऑगस्ट २०२४

अब्दुल मास्तर मुलाणी यांस, इंदुरीहून भिकाजी काशीदचा सलाम पोचावा.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असतील. खुशाल घाला. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पोस्टाचा आसरा घेतला. फाडायचं असेल तर आधी वाचा आणि मग फाडा, कारण मला जे सांगायचंय ते कळेल असा माणूस अख्ख्या मावळात तुमच्याशिवाय दुसरा नाही. आणि हे तुम्ही-बिम्ही मला जमणार नाही. पलटणीच्या बँडात वीस वर्षं एका बॅरेकीत काढल्यावर तुला अहोजाहो करायचं म्हणजे सोंगच. तर अब्दुल, ऐक.

माझी सून सविता लोणावळ्यात एका डीटीपीच्या दुकानात कामाला आहे. तिथे बेल्जियमच्या एक लीसबेथ बाई येतात. दर हिवाळ्यात योग शिकायला येऊन दोन महिने राहतात. पण बाईंचा खरा धंदा वेगळाच. चारशे वर्षांपूर्वीच्या संगीताच्या वह्या शोधायच्या आणि आजच्या वादकांना वाचता येईल असं ते नव्याने छापायचं. सविताचं नीटनेटकं काम बघून त्यांनी विचारलं, हे कॉम्प्युटरवर उतरवून देशील का? पोरगी कशाला नाही म्हणते! घेऊन आली आणि माझ्यासमोर लॅपटॉप ठेवून म्हणाली, "बाबा, ही लवंग कुठल्या रेघेवर ठेवायची?"

सुराच्या खुणेला ती लवंग म्हणते, दिसतेही तशीच. चष्मा लावून बघतो तर पाच रेघा. ज्या पाच रेघांवर आपण दोघांनी भाकरी खाल्ली त्याच. लवंगांची डोकी तेवढी चौकोनी, शंकरपाळ्यासारखी. मापांच्या उभ्या रेघा कुठेच नाहीत. प्रत्येक वादकाची वही वेगळी, आणि सगळ्यांचं एकत्र असं एकाही कागदावर लिहिलेलं नाही. जुन्या वहीच्या फोटोवरून मी वाचायचं, सविताने प्रोग्रॅममध्ये टाकायचं, असं सुरू झालं. आता मी स्वतः माउस धरतो. पाचही आवाज प्रोग्रॅम एकाखाली एक बसवतो, मापं पाडतो आणि वर वाजवूनही दाखवतो. आवाज असा की त्यापेक्षा जत्रेतली पिपाणी बरी.

आणि ही वाजवणारी माणसं कोण होती सांगू? गावाचे वाजंत्री. वेशीवर, लग्नात, सणावाराला वाजवणारे. म्हणजे आपलेच की रे. पानांच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचे काळे डाग आहेत. ते बघून मला आपल्या इंद्रायणी ब्रास बँडच्या वह्या आठवल्या.

एक चीज मात्र हटून बसलीये. पहिलं पान पाचही वह्या गोडीगुलाबीने चालतात. दुसऱ्या पानावर गेल्या की खालचा आवाज मागे पडतो आणि पुढे सगळी भांडाभांडी. बाई म्हणतात, जुनी वहीच सदोष आहे, आहे तसं उतरवा. दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या स्पर्धेत बँड चालवताना तुझा हात चुकल्यावर आपला बँड विस्कटला ना, अगदी तशीच ही चीज विस्कटते.

चिडू नकोस. बावीस माणसांसमोर मी ते बोलायला नको होतं, हे मान्य. पण बोललो ते खोटं नव्हतं.

वाचलंस असं धरून चालतो.

भिकाजी


इंदुरी, २२ ऑगस्ट २०२४

अब्दुल,

जिंकलो. आधी हे घे, बाकीचं मागून.

ती हटलेली चीज आठवते ना? बाईंनी मला सांगितलं की ती याआधी दोनदा छापून झालीये. खालचा आवाज लांब आणि वरचे चार आखूड, म्हणजे वरच्या चौघांचे काही सूर गळाले असणार, असं त्या विद्वानांनी धरलं. मग त्यांनी काय केलं असेल? वरच्या चौघांसाठी आपल्या मनाने नवे सूर रचून ती जागा भरून टाकली. म्हणजे बूट बसेना म्हणून पायाला चिंध्या गुंडाळल्या.

माझं मन ते घेईना. चार माणसं बरोबर आणि एक माणूस वेगळा असला तर आपण बँडात कोणाकडे बघायचो? एकाकडे. मी खालच्या वहीचा फोटो मोठा करून बघत बसलो. सविता म्हणाली, "बाबा, भात निवला." म्हटलं निवू दे.

आणि दिसलं. पहिल्या पानाच्या तळाशी शेवटचे सात सूर, आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावर तेच सात सूर. विद्वानांनाही ते दिसले होते, पण खालचा आवाज तसाही त्याच त्याच सुरांवर फिरत राहतो, म्हणून दोनदा आले यात त्यांना वावगं वाटलं नाही. तळाच्या सातांवर एक आडवी बारीक रेघ आहे. ती त्यांनी शाईचा ओघळ म्हणून सोडून दिली.

अब्दुल, ती हाक होती.

तूच शिकवलीस मला, बँडरूममध्ये, पहिल्याच वर्षी. ज्याला पान उलटताना थांबायला जागा नाही त्याच्यासाठी पुढच्या पानाची पहिली दोन मापं आधीच्या पानाच्या तळाशी लिहून ठेवायची, म्हणजे हात पान उलटत असताना तोंडाला पुढचं ठाऊक असतं. लाल शाईत, बारीक, कंसात. आणि तू दरडावून सांगायचास, "हाक वाजवायची न्हाई, ऐकायची. सूर येकदाच." पाचही वह्या पुन्हा तपासल्या. वरच्या चौघांची पानं विश्रांतीवर उलटतात, त्यांना हाकेची गरज नाही. खालच्या बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही सवड नाही, म्हणून त्या लेखनिकाने त्याला हाक लिहून दिली आणि गोंधळ नको म्हणून वर रेघ ओढली. चारशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, तुझ्यासारखाच एक मास्तर.

ते सात सूर मी प्रोग्रॅममधून खोडले. पुढचं सगळं आपोआप सरकत मागे आलं, सहा पानांची पाच झाली. मग वाजवायचं बटण दाबलं. त्याच पिपाणीच्या आवाजात, अब्दुल, पाचही जण शेवटपर्यंत हातात हात घालून गेले. शेवटच्या मापाला सगळे एका दारातून बाहेर पडले. मी उठून उभा राहिलो. सविता म्हणाली, "बाबा, रडताय कशाला?" म्हटलं, रडत नाहीये, टाळ्या वाजवायला उठलोय.

बाईंना सविताने इंग्रजीत मेल लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल. त्या रेघेचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरून मान हलवत होत्या. मग म्हणाल्या की नवीन आवृत्तीवर संपादक म्हणून दोन नावं येतील, एक त्यांचं आणि एक भिकाजी काशीद, इंदुरी, जिल्हा पुणे. मी म्हटलं, इंदुरीच्या पुढे मावळ पाहिजे. त्यांनी लिहून घेतलं.

तुझं नाव त्यात नाही. शिकवलं तू, हे मी त्यांना सांगितलं नाही. इथे कबूल करतोय.

भिकाजी


इंदुरी, ९ सप्टेंबर २०२४

अब्दुल,

जैनबचा फोन आला होता. म्हणाली, "चाचा, अब्बा तुमची पत्रं वाचतात, उशाखाली ठेवतात. पन तुमचं नाव काढलं की उठून धरणाकडं चालाय जातात." तुझी लेक गुणाची आहे. तिला ओरडू नकोस.

एक सहज विचारायचं होतं. आपण पुण्याला वाजवलेली तू रचलेली 'पवनाकाठ' ही मार्चची धून, तिच्यातलं युफोनियमचं, त्या खालच्या पितळी आवाजाचं, जुनं पान, तुझ्या हातचं, तुझ्याकडे आहे का? स्पर्धेच्या आठवड्यात ते फाटलं होतं म्हणून मी नवीन उतरवून काढलं होतं, ते नाही, आधीचं. ते वाजवणाऱ्या दोघांपैकी हनुमंतला विचारलं, त्याला काही आठवत नाही. निलेशला विचारलं नाही.

घाई नाही. सहज विचारलं.

भिकाजी


इंदुरी, १९ सप्टेंबर २०२४

अब्दुल,

मागच्या पत्रात दोनदा सहज लिहिलं. सहज काही नव्हतं.

हाक सापडली त्या दिवशी मी खूप नाचलो. चार दिवस गावभर सांगत फिरलो. पाचव्या दिवशी त्या चारशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाची रेघ पुन्हा बघत होतो आणि मनात आलं, या गड्याने रेघ ओढली, मी ओढली होती का? तेव्हापासून अन्न गोड लागेना. शेवटी माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. युफोनियमची दोन्ही पानं निघाली, माझ्या अक्षरातली. ज्या अक्षराची मी आयुष्यभर मिजास केली, तेच. पहिल्या पानाच्या तळाशी दोन मापं, निळ्या बॉलपेनात, बाकीच्या सुरांएवढीच मोठी. कंस नाही, लाल शाई नाही, काही नाही. आणि दुसऱ्या पानावर पुन्हा तीच दोन मापं.

हनुमंत आणि निलेश तेव्हा नवीन होते. कारखान्यातून सुटून शिकायला यायचे. त्यांना हाक काय ठाऊक? समोर होतं ते त्यांनी इमानाने वाजवलं, आणि दोन मापं मागे पडले. तू ते लगेच ऐकलंस, डावा हात मोकळा करून त्यांना ओढून आणायला लागलास. अर्धे तुझ्या हातामागे गेले, अर्धे त्यांच्यामागे. मग जे झालं ते झालं. परीक्षकाने पेन खाली ठेवलं आणि मागच्या खुर्च्यांवर लोक हसले.

तुझा हात चुकला नव्हता अब्दुल. माझा चुकला होता.

आणखी एक आहे, तेही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धंच. त्याच दुपारी बसजवळ निलेशने कागद माझ्यापुढे धरला होता. "काका, हितं दोन मापं दोनदा लिवल्यात का वो?" मी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि म्हटलं, तू आपला फुंकायचं बघ. आणि मग वळून बावीस माणसांसमोर मोठ्याने बोललो, मास्तरचा हात आता राहिला नाही. मला तेव्हा कळलं होतं का? खरं सांगतो, कळू नये म्हणूनच मी तो कागद उघडून बघितला नाही. घरी येऊन पेटीत टाकला, तो दहा वर्षं तिथेच.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू स्वतःच्या पंजाकडे बघितलंस आणि म्हणालास, "व्हय, वय झालं आसंल." तुझं ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. त्यानंतर तू हात उचलला नाहीस आणि बँड मोडला. मी मात्र क्लॅरिनेट घेऊन लग्नांतून वाजवत राहिलो.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

भिकाजी


इंदुरी, ६ नोव्हेंबर २०२४

अब्दुल,

दीड महिना झाला, तुझ्याकडून काही नाही. बरोबर आहे. मीही नसतं लिहिलं.

सोबतचं जाड पाकीट नीट उघड. 'पवनाकाठ' आहे. माझ्या पेटीतली होती नव्हती तेवढी पानं, आणि ड्रमवाला श्रीपती, हनुमंत, बाकीच्यांच्या घरून मागून आणलेली, अशी सगळी जमवली. काहींवर उंदरांनी हात मारला होता, एकाच्या पाठीवर किराण्याची यादी होती. ती सगळी मी प्रोग्रॅममध्ये उतरवली. एकवीस दिवस लागले, एकेक सूर दोनदा तपासला. कॉर्नेटपासून बास ड्रमपर्यंत सगळा बँड एकाखाली एक. तू ही मार्च डोक्यात रचलीस आणि प्रत्येकाला त्याचं त्याचं पान लिहून दिलंस, अख्खी अशी कागदावर तीही कधी नव्हती. मला वाटलं, ज्याची आहे त्याने एकदा पूर्ण बघावी. माथ्यावर छापलंय, रचना: अब्दुल मुलाणी, पवनानगर, मावळ.

लीसबेथ बाई जानेवारीत येतायत. लोणावळ्यात एका शाळेचा हॉल मिळालाय. जुन्या वाजंत्र्यांची चीज आपल्याच लोकांनी वाजवावी असं त्या म्हणतात, आणि मी म्हटलं, मग त्यानंतर 'पवनाकाठ'. हाक कोणी शिकवली तेही सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, बँड चालवणार कोण? मी म्हटलं, एकच माणूस आहे. तो नाही आला तर कार्यक्रम नाही.

हे दडपण आणायला लिहीत नाहीये. नाही म्हणालास तरी कागद तुझेच.

भिकाजी


इंदुरी, २४ नोव्हेंबर २०२४

अब्दुल,

पवनानगरच्या जीपवाल्याने काल पाकीट आणून दिलं. उघडलं तर माझंच पाकीट, माझेच कागद. एकेक पान उलटत गेलो. मग तिसऱ्या पानावर लाल शाई दिसली, आणि कडेला तुझं कोंबडीच्या पायाचं अक्षर.

"भिक्या, साइड ड्रमला हितं येक ठोका जास्ती टाकलायस. म्हातारा झालास, आता तरी मोजायला शिक. येतो. पन ज्या बावीस जनांसमोर बोललास, त्येंच्यासमोरच सांगायचं. मला येकट्याला सांगून भागनार न्हाई."

सविताला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, हे तर रागाचं पत्र आहे." म्हटलं, पोरी, तुला काय कळतंय, दहा वर्षांत असं गोड पत्र मला कोणी लिहिलं नाही.

ठोका काढला. बावीसमधले तिघं गेले, तिघं परगावी आहेत, तुला-मला धरून आहेत ते सगळे येतायत. सांगतो. सगळं सांगतो, निलेशच्या कागदासकट. रविवारी तालमीला ये.

तुझा,
भिक्या


इंदुरी, २० जानेवारी २०२५

अब्दुल,

कालच भेटलो आणि आज पत्र. जैनब हसेल. पण बँड चालवणारा माणूस लोकांकडे पाठ करून उभा असतो, आणि तालमीच्या दिवशी मी बोललो तेव्हा तू मुद्दाम चष्मा पुसत बसला होतास. दोन्ही वेळचं तुला दिसलं नाही, मला दिसलं. म्हणून लिहितो.

तालमीला मी उभा राहून सगळं सांगितलं, कागद दाखवला. निलेश खाली बघत होता, जणू गुन्हा त्याचा. श्रीपती बास ड्रमवर हात ठेवून म्हणाला, "आरं म्हंजी धा वर्सं आमी मास्तरलाच बोल लावत व्हतो?" ते तू ऐकलंसच. तू ऐकलं नाहीस ते हे, की चहाला कोणी माझ्याशेजारी बसलं नाही. हनुमंतने कप आणून दिला तो खाली जमिनीवर ठेवून गेला. मला वाईट वाटलं नाही. तेवढं तर व्हायलाच पाहिजे होतं. आणि चहा संपल्यावर तू म्हणालास, "चला, क्लॅरिनेटवाला तयार हाय का बगा." त्यानंतर सगळे माझ्याशी बोलायला लागले. तू परवानगी दिलीस असंच त्यांनी धरलं.

आता कालचं. हॉल भरला होता. सविताच्या दुकानाचे मालक, शाळेची पोरं, योगवाल्या संस्थेतले दहा-बारा परदेशी, पवनानगरहून दोन जीप भरून तुझी माणसं. जैनब पहिल्या रांगेत. तू काळ्या कोटात चढून आलास तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला, तो 'पवनाकाठ' संपेपर्यंत काढला नाही.

पहिली ती जुनी चीज. आम्ही पाच जण आणि तू. लीसबेथ बाई मांडीवर कागद घेऊन बोटाने ओळ धरून बसल्या होत्या. पान उलटायची जागा आली, ती गेली, आणि पाचही आवाज पुढे निघाले. बाईंचं बोट तिथेच थांबलं. मग त्यांनी कागद मिटला आणि डोळेही मिटले. चारशे वर्षांनी ती चीज जशी होती तशी वाजली, आणि वाजवली कोणी, तर इंदुरीच्या, नवलाख उंबऱ्याच्या आणि पवनानगरच्या माणसांनी. मला क्लॅरिनेट तोंडात असताना हसू येत होतं. फुंक सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले.

मग 'पवनाकाठ'. आम्ही सोळा आणि समोर तू. अरे हो, सोळातला एक तूच, म्हणजे आम्ही पंधरा. मोजणी माझी अजून कच्चीच. पहिला भाग असा गेला की मागच्या रांगेतली पोरं पायांनी ताल धरायला लागली. दुसऱ्या भागाच्या आधी मात्र मी तिरक्या नजरेने युफोनियमकडे बघितलं. हनुमंत आणि निलेशचं पान मी या वेळी प्रोग्रॅममध्ये दाटून एकाच कागदावर बसवलं होतं, उलटायला काही नव्हतं, हाक लिहायची वेळच नव्हती. चुकायला जागाच ठेवली नव्हती. तरी भीती वाटायची ती वाटलीच. आणि तुलाही वाटली. तुझा डावा पंजा कोटाच्या बटणापाशी क्षणभर थबकला, ते फक्त समोर बसलेल्या आम्हा वादकांना दिसलं.

मग तू तो उघडलास. पुण्याला उघडला होतास तसाच.

टाळ्या तू पाठीवर ऐकल्यास, लोक उभे राहिलेले वळून बघितलेस, बाईंनी तुझा हात दोन्ही हातांत धरला ते सगळ्यांनी बघितलं. ते सांगायला मी पत्र लिहीत नाहीये. मला सांगायचंय ते त्या जागेचं, पुण्याला आपण विस्कटलो तिथलं. मी लिहिलेली पानं पंधराजणांच्या समोर होती, स्वच्छ, छापील, एकही चूक नसलेली. मी मापं मोजत डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेकाकडे बघत गेलो. हनुमंत, निलेश, श्रीपती, मागचे कॉर्नेटवाले, सगळे. कागदाकडे कोणीच बघत नव्हतं, अब्दुल. मला धरून पंधराही जण तुझ्या हाताकडे बघत होते.

भिकाजी